आपल्या मालाचे कार्ड : चकचकीत जाड कागद स्वस्तात कसा मिळवावा?

(बीड जिल्ह्यातील महिला बचत गट व शेतकरी उत्पादक गटांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय कागद आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बियाणे, खत, पाणी सोडून कागदावर काय बोलायचे? परंतु गेल्या काही हंगामांत गटांच्या भेटीला गेलो असता सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच होता. "साहेब, पेटीवर लावायला चांगले चकचकीत कार्ड पाहिजे. गटाकडे लेसर प्रिंटर आहे. पण कागद फार महाग पडतो, आणि स्वस्त आणला तर छपाई निघून जाते. काय करावे?" या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आज द्यावयाचे आहे.

नावाची गरज का?

आपला जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांचा. धारूर, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, आष्टी या भागांत माळरानावर आणि बांधावर सीताफळ पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे. अंबाजोगाई येथे आपल्या विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र असून 'धारूर-६' हा वाण तेथूनच पुढे आला. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या फळाचा गोडवा या मातीचा आहे, हे कायद्याने मान्य झाले.

असे असूनही आपले फळ क्रेटमध्ये भरून मोठ्या बाजारपेठेत जाते, तेव्हा ते बहुधा बिननावाचेच असते. ते बीडचे आहे हे घेणाऱ्याला कळत नाही. बिननावाच्या मालाला बिननावाचाच भाव मिळतो. त्यात सीताफळ हे थांबणारे फळ नव्हे. तोडल्यावर तीन-चार दिवसांत ते पिकते. शीतगृहात ठेवावे तर साल काळी पडते. शिवाय आपल्याकडील अनेक कुटुंबांना दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडावे लागते. सीताफळाचा हंगाम आणि निघण्याची तयारी एकाच वेळी येते. त्या थोड्या आठवड्यांत हाती पडणारे दोन पैसे उचलीवर अवलंबून राहणे कमी करू शकतात. म्हणून पेटीवरचे नाव ही हौस समजू नये. मात्र त्या नावाचा खर्च फळाच्या भावात मावला पाहिजे.

माझ्या हातून झालेली चूक

सुरुवातीलाच एक चूक कबूल करतो, म्हणजे ती आपल्या हातून होणार नाही. एका गटाने मला शहरातून चकचकीत कागद आणण्यास सांगितले. मी दुकानात गेलो, सर्वांत जास्त चमकणारा कागद हाताने चाचपून पाहिला आणि दोन पाकिटे घेऊन आलो. तो फोटो छापण्याचा कागद होता, शाईच्या म्हणजे इंकजेट प्रिंटरसाठी बनविलेला. गटाच्या लेसर प्रिंटरमध्ये पहिलाच कागद घातला आणि तो आतच चिकटून बसला. जळका वास आला, रुळावर थर बसला आणि दुरुस्तीला पाकिटांच्या किमतीच्या कित्येक पट खर्च आला. तोडणी ऐन भरात असताना यंत्र बंद पडले ते वेगळेच. पाकिटावर सर्व काही लिहिलेले होते. ते न वाचता मी फक्त चमक पाहिली. दोष कागदाचा नव्हता, माझा होता.

चमक येते कशी?

कागदाला चमक आणण्याची कला आपल्याला नवी नाही. मराठवाड्यात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनविण्याची जुनी परंपरा आहे. हातकागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटीत असत, म्हणजे बोरूची शाई पसरत नसे. आजच्या कारखान्यातही तत्त्व हेच आहे. कागदाच्या पृष्ठभागावर चिनी माती किंवा खडूच्या जातीच्या बारीक भुकटीचा थर देतात आणि तापलेल्या गुळगुळीत रुळांमधून तो दाबून काढतात. असा पातळ कागद म्हणजे आर्ट पेपर आणि जाड कागद म्हणजे आर्ट कार्ड. लग्नपत्रिका, भेटकार्डे व पुस्तकांची मुखपृष्ठे यांसाठी तो सर्रास वापरतात.

फोटो कागदाची चमक निराळी असते. त्यातील पुष्कळ प्रकारांत कागदावर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो व त्यावर शाई शोषणारा थर असतो. आता लेसर प्रिंटरचे काम पाहा. त्यात शाई नसते, प्लॅस्टिकमिश्रित बारीक पूड असते. तिला टोनर म्हणतात. ही पूड कागदावर बसते आणि तापलेल्या रुळाखाली वितळून कागदाला धरते. त्या रुळाचे तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस असते. चिनी मातीचा थर ही उष्णता सोसतो. प्लॅस्टिकचा पापुद्रा सोशीत नाही. उलट बाजूने पाहिले तर आर्ट कार्ड साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये घातल्यास शाई वर तरंगते आणि बोट लागताच पुसली जाते. म्हणून प्रत्येक यंत्राला त्याचाच कागद द्यावा.

घेण्यापूर्वी चार परीक्षा

१. पाकीट वाचावे. त्यावर 'लेसर' असा शब्द असेल तरच घ्यावे. केवळ 'इंकजेट' किंवा 'फोटो पेपर' लिहिले असेल तर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

२. सुटा कागद असेल तर कोपऱ्याला ओले बोट लावावे. बोट चिकटल्यासारखे वाटले तर तो शाईचा कागद समजावा.

३. शंका राहिली तर एक तुकडा घरी आणावा. त्यावर साधा कागद ठेवून चांगली तापलेली इस्त्री काही सेकंद दाबावी. तुकडा फुगला, चिकटला किंवा त्यावर फोड आले तर तो यंत्रात घालू नये. ही परीक्षा वाईट कागद ओळखण्यापुरती आहे. तीत टिकलेला कागदही प्रथम एकच घालून पाहावा.

४. छापलेला नमुना थंड झाल्यावर नखाने खरवडावा आणि एकदा दुमडून पाहावा. अक्षरे भुकटीसारखी निघाली तर पूड नीट भाजली गेलेली नाही. अशा वेळी लगेच कागदाला दोष देऊ नये. प्रिंटरच्या मांडणीत 'जाड कागद' किंवा 'ग्लॉसी' हा पर्याय निवडून पुन्हा छापावे. त्यामुळे यंत्र हळू चालते आणि जाड कागदाला पुरेशी उष्णता मिळते. "छपाई निघून जाते" अशा तक्रारी पुष्कळदा एवढ्यानेच मिटतात.

जाडी किती घ्यावी?

कागदाची जाडी व्यवहारात वजनावरून ठरवितात. एक चौरस मीटर कागदाचे जितके ग्रॅम वजन, तितके त्याचे जीएसएम. आपण झेरॉक्ससाठी वापरतो तो कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. आर्ट पेपर साधारण ९० ते १७० पर्यंत आणि आर्ट कार्ड २१० पासून ३५० पर्यंत मिळते.

येथे पुष्कळांची गफलत होते. कार्ड जितके जाड तितके भारी असे समजून ३०० जीएसएमचे कार्ड आणतात आणि ते लहान प्रिंटरमध्ये अडकते. लहान लेसर प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत बहुधा १६० च्या आसपास मर्यादा दिलेली असते. काही यंत्रांत हाताने एकेक कागद सरकविण्याच्या मार्गातून २२० पर्यंत चालते. आधी पुस्तिका पाहावी, मग कागद आणावा. पुढीलप्रमाणे निवड करावी :

अ) पेटीवर डिंकाने चिकटवावयाचे लेबल : एकाच बाजूने चकचकीत असलेला ८० ते ९० जीएसएमचा क्रोमो कागद. मागची बाजू खरखरीत असल्याने डिंक धरते. दोन्ही बाजूंनी चकचकीत कागद डिंकाने नीट चिकटत नाही. तो घेतल्यास पैसे जास्त जातात आणि लेबल गळून पडते.

आ) पेटीत टाकावयाचे माहितीकार्ड : १७० जीएसएम आर्ट पेपर, तोही आपल्या प्रिंटरच्या मर्यादेत बसत असेल तर. नसेल तर १३० चा घ्यावा. हाताला तो पुरेसा भरीव लागतो.

इ) दोरीने बांधावयाचे टॅग किंवा उभे राहणारे कार्ड : २१० ते २५० जीएसएम आर्ट कार्ड. आपले यंत्र घेत नसेल तर शहरातील डिजिटल छपाईच्या दुकानातून करून घ्यावे. त्यांची यंत्रेही लेसर पद्धतीचीच असतात, पण जाड कार्डासाठी बनविलेली असतात.

किलोचा हिशेब

आता मुख्य प्रश्न, स्वस्त कसा मिळेल? आपण डाळ पाकिटाच्या रंगावरून घेत नाही, किलोचा भाव विचारतो. कागदाचेही तसेच करावे. घाऊक व्यापारी कागद किलोवरच विकत घेतो आणि विकतो.

ए-फोर आकाराचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणून जीएसएमला १६ ने भागले की एका ए-फोर कागदाचे वजन ग्रॅममध्ये मिळते. १८० जीएसएमचा एक कागद सव्वाअकरा ग्रॅमचा, २२० चा पावणेचौदा ग्रॅमचा.

समजा, स्टेशनरीच्या दुकानात १८० जीएसएमच्या २० कागदांचे पाकीट १५० रुपयांना आहे. हा आकडा केवळ उदाहरणादाखल आहे. वीस कागदांचे वजन २२५ ग्रॅम. म्हणजे भाव किलोला साडेसहाशेच्या वर गेला! आणि समजा, घाऊक दुकानात आर्ट कार्ड किलोला १०० रुपये आहे. तर २२० जीएसएमचा, म्हणजे अधिक जाड असूनही, एक ए-फोर कागद वजनाने दीड रुपयाच्या आतच पडतो. प्रत्यक्ष दर आपण बाजारात विचारावेत, कारण ते बदलत असतात. जीएसटी धरून आहे की वेगळा, हेही विचारावे. मात्र दोन दुकानांची तुलना किलोवर केली की फसगत होत नाही.

ताव कोणता घ्यावा?

घाऊक कागद मोठ्या तावात मिळतो आणि तो कापून घ्यावा लागतो. येथे आकाराला फार महत्त्व आहे. २५ × ३६ इंची तावातून ए-फोरचे ९ कागद निघतात. ए-फोरची लांब बाजू ३६ इंचांकडे ठेवून तीन-तीनच्या तीन ओळी कापाव्यात. एका अंगाला जेमतेम पाच मिलिमीटर उरतात, म्हणून कापणाऱ्याला आधी सांगावे. मांडणी उलटी केली तर ८ च निघतात.

दुसरा नेहमीचा ताव २३ × ३६ इंची. त्यातून कितीही ओढाताण केली तरी ७ च्या वर निघत नाहीत. वरच्याच उदाहरणातील भावाने २२० जीएसएमचे १०० ताव घेतले, तर मोठ्या तावातून ९०० कागद प्रत्येकी सुमारे १ रुपया ४२ पैशांत पडतात. लहान तावातून ७०० कागद प्रत्येकी सुमारे १ रुपया ६८ पैशांत पडतात. ताव स्वस्त दिसतो, कागद महाग पडतो. याशिवाय त्या ७ कागदांपैकी काही उभे व काही आडवे कापले जातात. कागदाला लाकडासारखी शिरांची एक दिशा असते. ती एकाच गठ्ठ्यात सरमिसळ झाली तर काही कागद नीट जातात, काही वळतात आणि अडकतात. मग आपण यंत्राला बोल लावतो.

प्रेसवाल्याशी मैत्री करा

एका गटाला १०० ताव लागणार नाहीत, आणि त्यासाठी संभाजीनगर किंवा पुण्याला खेप करणे परवडणारही नाही. याला दोन उपाय आहेत.

पहिला उपाय तालुक्यातील लग्नपत्रिका छापणारा प्रेस. त्याच्याकडे आर्ट कार्डाचे गठ्ठे येतच असतात आणि कापण्याचे यंत्रही असते. पत्रिका, मुखपृष्ठे कापून उरलेल्या पट्ट्या त्याच्याकडे साचतात. टॅगसाठी चार-पाच इंच रुंदीची पट्टीही पुरते. अशा पट्ट्यांवर तो स्वतःच्या यंत्रावर छापून देऊ शकतो किंवा आपण त्यांवर शिक्का मारू शकतो. लग्नसराई संपली की पावसाळ्यात त्याच्याकडे काम कमी असते. आपला हंगाम पावसाळ्याच्या शेवटी सुरू होतो. म्हणजे आषाढ-श्रावणात त्याच्याकडे गेलात तर त्याला काम हवे असते आणि आपल्याला वेळ असतो. ऐन दसऱ्याच्या तोंडावर गेलात तर तो म्हणेल तो भाव द्यावा लागेल.

दुसरा उपाय म्हणजे पाच-सहा गटांनी मिळून खरेदी करावी. एका गटाने १०० ताव आणून कापून घ्यावेत आणि कागद मोजून वाटून घ्यावेत. बियाणे एकत्र आणतो, तसाच कागद आणावा.

रंगीत एकदा, काळे दर खेपेला

गटाकडील प्रिंटर बहुधा काळ्या छपाईचाच असतो. रंगीत फळाचे चित्र तर हवे असते. यासाठी चांगला मार्ग असा : ज्या गोष्टी बदलत नाहीत, म्हणजे गटाचे नाव, फळाचे चित्र, पत्ता, त्या ऑफसेट प्रेसवर वर्षभराच्या एकदम रंगीत छापून घ्याव्यात. प्रत मोठी असली की ऑफसेट स्वस्त पडते, कारण प्लेटचा खर्च सर्व प्रतींवर वाटला जातो. बदलणारा मजकूर, म्हणजे तारीख, वजन, किंमत, खेप क्रमांक, त्यासाठी पांढरी चौकट मोकळी ठेवावी. ती दर खेपेला घरच्या लेसरवर काळ्या अक्षरांत छापावी.

यात तीन पथ्ये आहेत. प्रेसवाल्याला सांगावे की यावर पुन्हा लेसर छपाई करावयाची आहे. म्हणजे तो उष्णता सोसणारी शाई वापरील. मोकळ्या चौकटीवर वार्निश किंवा लॅमिनेशन करू देऊ नये, कारण त्यावर टोनर धरत नाही. आणि ऑफसेटची शाई पूर्ण वाळण्यासाठी काही दिवस जाऊ द्यावेत.

टोनरचाही हिशेब ठेवावा. एका काडतुसात इतक्या प्रती निघतात असे लिहिलेले असते, तेव्हा पानाचा सुमारे ५ टक्केच भाग छापलेला धरलेला असतो. पूर्ण पान काळे किंवा हिरवे भरले तर टोनर कित्येक पट लागतो, शिवाय दुमडल्यावर त्याला भेगा पडतात. पांढऱ्या चकचकीत कागदावर मोजकी ठळक अक्षरेच शोभून दिसतात. कागदाची चमक दिसू द्यावी, तिचेच तर आपण पैसे दिलेले असतात.

साठवण आणि मर्यादा

सीताफळाचा हंगाम येतो तेव्हा हवा दमट असते. दमट झालेला कागद वळतो आणि यंत्रात अडकतो. म्हणून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून सपाट ठेवावा. भिंतीला टेकवून उभा ठेवू नये. लागेल तेवढाच बाहेर काढावा. छापताना यंत्राचे मागचे दार उघडता येत असेल तर उघडावे, म्हणजे जाड कागद न वळता सरळ बाहेर येतो.

सीताफळाचा गर गोठवून विकणाऱ्या गटांनी मात्र चकचकीत कार्डाच्या नादी लागू नये. गोठवलेले पाकीट बाहेर काढले की त्यावर पाणी सुटते. टोनरची अक्षरे पाण्याने पुसत नाहीत, पण कागदाच्या कडा पाणी पितात आणि लेबल सुटते. तेथे प्लॅस्टिकचा स्टिकरच योग्य. छापील बाजू गराला किंवा कापलेल्या फळाला कधीही लागू देऊ नये.

कार्डावर काय असावे?

बंद पाकिटातील खाद्यपदार्थावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, बनविल्याची तारीख, किती दिवस वापरावा, किंमत, उत्पादकाचा पत्ता, शाकाहारी चिन्ह आणि अन्न परवाना क्रमांक हा मजकूर कायद्याने लागतो. छापण्यापूर्वी तो तपासून घ्यावा, नाहीतर चांगला कागद वाया जातो. तसेच भौगोलिक मानांकनाचे चिन्ह वापरावयाचे असेल तर १९९९ च्या कायद्यानुसार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणी आधी, छपाई नंतर. अंबाजोगाई व खामगाव (ता. गेवराई) येथील कृषी विज्ञान केंद्रांत याविषयी विचारणा करावी.

ताज्या फळाच्या पेटीत टाकावयाच्या कार्डावर चार ओळी पुरेत : फळ कोणत्या गावचे आहे, कोणत्या दिवशी तोडले, मऊ होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नये, बिया चावू नयेत. शहरातील गिऱ्हाईक कडक फळ थेट फ्रिजमध्ये ठेवते, ते काळे पडते आणि दोष आपल्या फळाला येतो. एका छोट्या कार्डाने तो टळतो. ए-फोर कागदावर ९५ × ५५ मिलिमीटरची अशी १० कार्डे बसतात. वरच्या उदाहरणातील भावाने एका कार्डाचा कागद पंधरा पैशांच्या आत पडतो. कापणावळ आणि टोनर वेगळे धरले तरी पेटीमागे हा खर्च जड नाही.

बंधू-भगिनींनो, थोडक्यात सांगायचे तर कागद घेताना 'लेसर' हा शब्द पाहावा, भाव किलोवर काढावा, ताव २५ × ३६ चा मागावा आणि प्रेसकडे श्रावणातच जावे. डोंगरातले फळ आपण काटे सोसून उतरवितो. ते ज्याच्या घरी जाईल त्याला ते कोणी पाठविले हे कळावे, एवढ्यासाठी हा कागदाचा खटाटोप आहे. पुढच्या हंगामात आपल्या पेट्या आपल्या गावाच्या नावानिशी बाजारात जाव्यात, अशी इच्छा व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.